नर्सची परीक्षा कोणी घ्यायची?

लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० च्या उन्हाळ्यात नाइटिंगेल प्रशिक्षणशाळा सुरू झाली, तेव्हा तिथे पंधरा मुली उमेदवार म्हणून दाखल झाल्या. शिक्षण एका वर्षाचे, राहणे-जेवणे शाळेचे, वर वर्षाला दहा पौंड. आज आपण परीक्षा म्हणतो तिच्या जागी या शाळेत एक छापील तक्ता होता, आणि रुग्णालयाच्या मेट्रन सारा वॉर्डरोपर तो दरमहा प्रत्येकीच्या नावाने भरत. तक्त्याचे दोन भाग होते. पहिल्यात वागणुकीची नोंद: वेळ पाळते का, गडबड-गोंगाट न करता वावरते का, भरवशाची आहे का, अंगावरचे कपडे स्वच्छ असतात का, वॉर्डची व्यवस्था ठेवते का. दुसऱ्यात हातच्या कामाची: जखम बांधणे, जळवा लावणे, एनिमा देणे, स्वतःहून हलता न येणाऱ्याला कुशीवर वळवणे, त्याला भरवणे, त्याच्या पाठीला व्रण पडू न देणे, अंथरूण घालणे, शस्त्रक्रियेच्या वेळी हजर राहणे, आजाऱ्याचे जेवण रांधणे, वॉर्डातली हवा खेळती ठेवणे. शेवटचा रकाना निरीक्षणाचा, आणि तो सर्वांत भरगच्च: नाडी, श्वास, त्वचा, झोप, भूक, थुंकी, शुद्ध-बेशुद्धी, औषधाचा आणि आहाराचा परिणाम. प्रत्येक बाबीपुढे मेट्रनचा शेरा पडे, ‘उत्तम’पासून शून्यापर्यंत.

जळवा आणि स्वयंपाक वगळला, तर आज जीएनएमच्या, म्हणजे जनरल नर्सिंग-मिडवाइफरी अभ्यासक्रमाच्या, पहिल्या वर्षाची मुलगी ज्याला ‘फंडामेंटल्स’ म्हणते, तो विषय या तक्त्यात जवळपास पुरा आहे. परदेशी जाण्यासाठी परवाना-परीक्षेची तयारी करणारी अनुभवी नर्सही उजळणीला बसते तेव्हा याच गोष्टींशी परत येते: दर दोन तासांनी कूस बदलणे, नाडी-श्वास-तापमान, लघवीचे मोजमाप, हात धुणे, पडण्यापासून जपणे. दीडशे वर्षांत औषधे बदलली, यंत्रे आली, जंतूंचा शोध लागला. रुग्णसेवेचा गाभा मात्र जागचा फारसा हलला नाही. बदलला तो शेरा मारणारा हात. परिचर्येच्या परवान्याचा इतिहास साधारणपणे असा सांगितला जातो की, जुन्या लोकांना वाटे सेवा हा मनाचा गुण आहे, तो कागदावर तपासता येत नाही. नव्यांना वाटे येतो. आणि शेवटी नवे जिंकले. माझ्या मते हे कथन मुळातच चुकीच्या ठिकाणी बोट ठेवते. काय तपासायचे यावर दोन्ही पक्षांचे फारसे दुमत नव्हतेच. भांडण होते ते कोणी तपासायचे यावर: रोज डोळ्यांसमोर काम पाहणाऱ्या मेट्रनने, की मुलीचे नाव-गाव ठाऊक नसलेल्या परक्याने? आणि परक्याच्या बाजूने लागलेल्या निकालामुळेच नर्सला आपली लायकी स्वतःच्या ट्रंकेत घालून एका गावाहून दुसऱ्या गावी नेता आली.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा सरकारी नोंदणीला विरोध होता, हे सांगितल्यावर अनेकांना आश्चर्य वाटते. विरोध साधा नव्हता. १८८० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची काही वर्षे पत्रे लिहून त्यांनी तो संघटित केला. त्यांची बाजू आज ऐकतानाही वजनदार वाटते. १८५९ च्या अखेरीस छापल्या गेलेल्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या त्यांच्या पुस्तकात पहिले प्रकरण खेळत्या हवेचे आहे, अखेरीकडचे निरीक्षणाचे. रुग्ण गारठला, जेवल्यावर मळमळला, त्याच्या पाठीला व्रण पडला, तर बहुतेक वेळा दोष रोगाचा नसतो, शुश्रूषेचा असतो, असे त्या मांडतात. ज्या कामाचा कस असा रुग्णाच्या पाठीवर उमटतो, त्याची परीक्षा दालनात बसवून कशी घेणार? ‘पाठीचा व्रण कसा टाळाल’ या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण मिळवणारी मुलगी रात्री तीन वाजता उठून रुग्णाला वळवीलच, याची हमी कोणता परीक्षक देणार? शिवाय नोंदवहीतले नाव हे एका दिवसाचे सत्य असते. पंचविसाव्या वर्षी उत्तीर्ण झालेली नर्स चाळिसाव्या वर्षी आळशी, उद्धट किंवा व्यसनी झाली, तरी वहीतले नाव तसेच राहणार आणि लोक त्यावर विसंबणार. म्हणून चालू देखरेख हीच खरी परीक्षा, असे त्यांचे म्हणणे. शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या परिषदेत त्यांचा निबंध वाचला गेला, तेव्हाही त्यांचा सूर हाच होता.

हा युक्तिवाद तत्त्वतः खोडणे अवघड आहे. त्याची कसोटी व्यवहारात लागते, आणि गंमत अशी की ती लावायला नाइटिंगेलबाईंची स्वतःचीच शाळा पुरते. मोनिका बेली या इतिहासकार बाईंनी शाळेचे दप्तर तपासून १९८६ साली जे पुस्तक लिहिले, त्यातून दिसणारे चित्र गौरवग्रंथांतल्या चित्राहून बरेच निराळे आहे. व्याख्याने द्यायची जबाबदारी ज्या निवासी वैद्यकीय अधिकाऱ्यावर, व्हिटफील्ड यांच्यावर, होती, त्यांनी ती कित्येक वर्षे जवळजवळ सोडून दिली होती. उमेदवार मुली शिकण्यापेक्षा वॉर्डात राबण्यासाठीच वापरल्या जात. वॉर्डरोपरबाईंचे मासिक शेरे मर्जीप्रमाणे पडत. दहा-बारा वर्षे हे असेच चालले. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला नाइटिंगेल यांनी स्वतः लक्ष घातले तेव्हा कुठे ते उजेडात आले, व्हिटफील्ड गेले आणि शिकवण्याची नवी व्यवस्था झाली. म्हणजे चालू देखरेखीच्या सर्वोत्तम नमुन्यात देखरेख करणाऱ्यांवर देखरेख करायला कोणी नव्हते. तक्ता फार विचारपूर्वक आखलेला होता. तो भरणारा हात मात्र एकच होता, आणि तोच हात या मुलींना कामावर ठेवणारा, बढती देणारा, काढून टाकणारा होता.

या एका हाताच्या सत्तेला पैशाचेही अंग होते. त्या काळी लंडनची मोठी रुग्णालये आपल्या नर्सेस श्रीमंतांच्या घरी आजारपणात पाठवत. फी रुग्णालयाच्या तिजोरीत जाई, नर्सला ठरावीक पगार मिळे. हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीने १८९० पासून महानगरातील रुग्णालयांची चौकशी केली, तेव्हा लंडन हॉस्पिटलविषयीच्या तक्रारींत एक अशी होती की, शिक्षण पुरे न झालेल्या मुलीही पूर्ण प्रशिक्षित म्हणून बाहेर पाठवल्या जातात. त्या रुग्णालयाच्या मेट्रन ईव्हा लकस नोंदणीच्या कडव्या विरोधक आणि नाइटिंगेल यांच्या विश्वासातल्या. लकसबाईंचा विरोध केवळ पैशासाठी होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. मुलींच्या स्वभावाची पारख जवळून पाहिल्याशिवाय होत नाही यावर त्यांचा प्रामाणिक विश्वास होता. पण प्रशिक्षित कोण हे ठरवण्याचा अधिकार ज्या संस्थेला आहे, तिलाच प्रशिक्षित म्हणून माणूस भाड्याने देण्यात फायदा असेल, तर बाहेरचा परीक्षक नकोसा वाटायला वाईट हेतूही लागत नाही.

दुसऱ्या बाजूला एथेल बेडफर्ड फेनविक. चोविसाव्या वर्षी सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या मेट्रन झालेली ही बाई १८८७ साली एका डॉक्टरशी लग्न करून नोकरीतून बाहेर पडली आणि त्याच वर्षी तिने ब्रिटिश नर्सेस असोसिएशन उभी केली. तीन वर्षांचे शिक्षण, सर्वांना एकच परीक्षा, राज्याची एकच नोंदवही, ही तिची मागणी. पुढे तीसेक वर्षे तिने नियतकालिक चालवले, शिष्टमंडळे नेली, १८९९ साली नर्सेसची आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन करण्यात पुढाकार घेतला. तोवर लंडनबाहेरचे लोक पुढे निघून गेले होते. केप कॉलनीने १८९१ च्या कायद्यात नर्सेसची नोंदणी आणली होती. न्यूझीलंडने १९०१ साली फक्त नर्सेससाठीचा स्वतंत्र कायदा केला आणि जानेवारी १९०२ मध्ये एलेन डॉहर्टी यांचे नाव त्या वहीत पहिले लिहिले गेले. साम्राज्याच्या कडेला असलेल्या देशांत हे आधी व्हावे याचे नवल वाटू नये. तिथे येणारी नर्स कुठल्या मेट्रनच्या हाताखालची, आणि ती मेट्रन कोण, हे तिथल्या माणसाला कळायला मार्गच नव्हता. ओळखीवर चालणारी व्यवस्था ओळख संपते तिथे कोलमडते. ब्रिटनमध्ये संसदीय समितीने १९०५ साली नोंदणीची शिफारस करूनही कायदा पहिल्या महायुद्धानंतर, डिसेंबर १९१९ मध्ये झाला. वहीत पहिला क्रमांक फेनविकबाईंचा. पहिली राज्यस्तरीय परीक्षा १९२५ साली झाली.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. नोंदणी आणि परीक्षा हे भल्या घरच्या मुलींनी गरीब मुलींना व्यवसायाबाहेर ठेवण्यासाठी घातलेले कुंपण होते, असे ब्रायन एबल-स्मिथ यांच्या १९६० च्या इतिहासापासून अनेकांनी मांडले आहे. फेनविकबाईंचे लिखाण आणि वर्तन पाहता हे नाकारता येत नाही. नर्स ‘लेडी’ असावी हा त्यांचा आग्रह लपलेला नव्हता. कायद्याने जुन्या, अनुभवी नर्सेसना परीक्षेविना वहीत येण्याची मुभा दिली, तेव्हा नोंदणीसाठी नेमलेल्या नव्या परिषदेत बसून त्यांचे अर्ज इतक्या कडकपणे तपासण्याचा हट्ट याच बाईंनी धरला की सहकाऱ्यांनी राजीनामे दिले आणि पुढच्या निवडणुकीत मतदार नर्सेसनी त्यांनाच घरी बसवले. पुरुष नर्सेस मुख्य वहीत नव्हते. त्यांचे पान १९४९ पर्यंत वेगळे होते. परीक्षेपर्यंत न पोहोचलेल्या हजारो सहायक नर्सेस प्रत्यक्षात वॉर्ड चालवतच होत्या, आणि त्यांना दुय्यम यादीत का होईना, १९४३ साली जागा द्यावी लागली. कुंपण होते, हे मान्य.

पण कुंपणाबाहेर राहिलेल्यांनी काय मागितले, हे पाहिले की या आक्षेपाची धार कमी होते. अमेरिकेत १९०३ साली नॉर्थ कॅरोलिनाने पहिला कायदा केला, त्याच वर्षी न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि व्हर्जिनिया मागोमाग आली, आणि दक्षिणेकडील राज्यांत वंशभेदाने या व्यवस्थेत लगेच शिरकाव केला. जॉर्जियात कृष्णवर्णीय नर्सेसना गोऱ्यांच्या परीक्षेला बसू देत नसत. अटलांटातील ल्यूडी अँड्र्यूज यांनी त्याविरुद्ध दहा वर्षे झगडा केला. मध्येच राज्याच्या मंडळाने त्यांना एकटीला परवाना देऊ केला, तो त्यांनी नाकारला. १९२० साली सर्वांना तीच परीक्षा खुली झाली तेव्हाच त्या थांबल्या. परीक्षा नको, आमच्या वरिष्ठांचे प्रशस्तिपत्र ग्राह्य धरा, अशी मागणी त्यांनी केली नाही. सोपी वेगळी परीक्षा तर त्यांना मुळीच नको होती. कारण उघड आहे. प्रशस्तिपत्राचे वजन सही करणाऱ्याच्या वजनाइतके असते, आणि ज्यांच्या समाजात वजनदार सह्याच नसतात त्यांना क्रमांक लावून तपासलेली, नाव न दिसणारी उत्तरपत्रिकाच परवडते. परीक्षेचा खर्च, इंग्रजी, शाळेत प्रवेश मिळणे हे सगळे अडथळे होतेच. पण मर्जी हा अडथळा पार करण्याचा उपाय कुणालाच माहीत नसतो.

घोकंपट्टीचा आक्षेप याहून जुना आणि चिवट. त्याचे उत्तर शोधायला अमेरिकन परीक्षेच्या पुढच्या प्रवासाकडे जरा थांबून पाहावे लागते, कारण तिथे चूकही ठळक झाली आणि दुरुस्तीही. सुरुवातीला प्रत्येक राज्याचे मंडळ आपापले निबंधवजा प्रश्न काढी आणि काही ठिकाणी प्रात्यक्षिकही घेई. दुसऱ्या महायुद्धात नर्सेसची गरज एकदम वाढली. सरकारी खर्चाने हजारो मुली शिकू लागल्या, आणि इतक्या उत्तरपत्रिका हाताने तपासणे अशक्य झाले. म्हणून १९४४ पासून राज्यांनी मिळून प्रश्नांचा सामाईक साठा केला: पर्यायी उत्तरे, यंत्राने तपासणी, दोन दिवसांची बैठक. काही वर्षांतच सगळी राज्ये त्यात आली. यात प्रात्यक्षिक गळाले, आणि आणखी एक गोष्ट झाली जिच्याकडे कमी लक्ष जाते. प्रश्नपत्रिकेचे पाच भाग पडले: औषधोपचाराचे रुग्ण, शस्त्रक्रियेचे रुग्ण, बाळंतपण, बालरुग्ण, मनोरुग्ण. ही विभागणी डॉक्टरची आहे, रुग्णालयाच्या इमारतीची आहे. पाठीचा व्रण कोणत्या विभागात येतो? तो पाचही ठिकाणी पडतो, म्हणून कुठल्याच विभागाचा मानाचा प्रश्न होत नाही. नाइटिंगेलबाईंना जी भीती होती ती खरी ठरली, पण त्यांनी सांगितलेल्या कारणाने नव्हे. परीक्षक परका होता म्हणून गाभा निसटला असे झाले नाही. परक्याच्या हाती नकाशा दुसऱ्याच व्यवसायाचा होता.

नर्सचा स्वतःचा नकाशा काढण्याचे काम व्हर्जिनिया हेंडरसन यांनी केले. नर्सेसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९६० साली त्यांची एक छोटी पुस्तिका छापली आणि ती अनेक भाषांत गेली. तिच्यात रोगांची नावे हा पायाच नाही. माणसाच्या चौदा गरजा आहेत: श्वास घेणे, खाणे-पिणे, मलमूत्र विसर्जन, हालचाल, झोप, कपडे, अंगातली ऊब, अंगाची स्वच्छता, धोक्यापासून बचाव, मनातले बोलता येणे, आपल्या श्रद्धेप्रमाणे वागणे, काम, करमणूक, शिकणे. अंगात बळ, मनात इच्छा आणि डोक्यात माहिती असती तर माणसाने जे स्वतःच केले असते, ते त्याच्यासाठी करायचे, आणि लवकरात लवकर ते पुन्हा त्याच्या हाती द्यायचे, हे नर्सचे काम. व्याख्या म्हणून ती इतकी साधी आहे की विद्वानांना तिच्यात फारसे काही सापडले नसते, पण वॉर्डात उभ्या असलेल्या बाईला ती लगेच पटते. अमेरिकेची परवाना-परीक्षा १९८२ साली नव्या नावाने, एनक्लेक्स म्हणून, उभी राहिली तेव्हा तिने पाच विभागांची चौकट मोडली, आणि पुढे रुग्णाच्या गरजांची चौकट घेतली. प्रश्नाची घडणही बदलली. ‘या रोगाची लक्षणे कोणती’ हे मागे पडून ‘या चौघांपैकी आधी कोणाकडे जाल’, ‘यातले कोणते काम मदतनिसावर सोपवता येईल’, ‘औषध देण्याआधी काय पाहाल’ असे प्रश्न पुढे आले. अनेकदा चारही पर्याय पुस्तकाप्रमाणे बरोबर असतात. क्रम तेवढा चुकवायचा नसतो. प्रश्न कशावर काढायचे हे ठरवण्यासाठी नव्याने नोकरीला लागलेल्या नर्सेसना दर काही वर्षांनी विचारले जाते की तुम्ही प्रत्यक्षात कोणती कामे किती वेळा करता.

एप्रिल १९९४ पासून ही परीक्षा संगणकावर गेली आणि उत्तरागणिक पुढचा प्रश्न सोपा-कठीण होऊ लागला. उमेदवार पात्रतेच्या रेषेच्या वर आहे की खाली, याची पुरेशी खात्री पटली की यंत्र थांबते. २०२३ च्या एप्रिलपासून उलगडत जाणारी प्रकरणे आली: रुग्णाच्या नोंदी समोर येतात, वेळ पुढे सरकतो, नाडी वाढते, लघवी कमी होते, आणि यातले काय महत्त्वाचे हे उमेदवाराने ओळखायचे असते. वॉर्डरोपरबाईंच्या तक्त्यातला शेवटचा, भरगच्च रकाना इतक्या वळणांनी परीक्षेत परत आला. तरीही समाधान पूर्ण नाही. सध्याच्या आराखड्यात ‘मूलभूत काळजी आणि आराम’ या गटाला ६ ते १२ टक्के प्रश्न आहेत, औषधांना १३ ते १९ टक्के. ‘नोट्स ऑन नर्सिंग’मधली बरीच प्रकरणे या सहा-बारा टक्क्यांत दाटीवाटीने बसतात. याचे एक उत्तर असे देतात की चुकीच्या औषधाने माणूस तासात दगावतो, चुरगळलेल्या चादरीने नाही. परवाना धोका टाळण्यासाठी असतो, गुणगौरवासाठी नाही. उत्तर बरोबर आहे, पण अर्धे. पाठीच्या खोल व्रणातून जंतुसंसर्ग रक्तात पसरून माणसे मरतात. फक्त सावकाश मरतात आणि मृत्यूच्या दाखल्यावर चादरीचे नाव येत नाही.

आपल्याकडे हा इतिहास वेगळ्या दाराने आला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १८९१ साली प्रशिक्षणासाठी आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव भारतीय नर्सेसमध्ये पहिले म्हणून घेतले जाते. त्या काळात आणि नंतरही बरीच वर्षे या कामात युरोपियन, अँग्लो-इंडियन आणि देशी ख्रिस्ती मुलीच मुख्यतः होत्या. परक्या पुरुषाला स्पर्श, जातीचा विचार न करता मलमूत्र उचलणे, रात्रपाळी, या तिन्ही गोष्टी सवर्ण हिंदू घरांना न चालणाऱ्या. म्हणून पुण्याच्या सेवासदनाचे काम लक्षात ठेवण्यासारखे. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी १९०९ साली उभी केलेली ही संस्था मुलींना, त्यांत विधवांना, ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण मिळवून देऊ लागली. अशा बाईच्या संदर्भात बाहेरच्या परीक्षकाचा अर्थ आणखी ठसठशीत होतो. सासर-माहेर, आळी, जात यांनी तिच्यावर आधीच एक शेरा मारलेला असे, आणि तो शून्याच्या खालचा असे. चारित्र्याच्या रकान्याने सुरू होणारा तक्ता तिच्या काय कामाचा? तिला हवी होती ती तिला न ओळखणाऱ्या माणसाने दिलेली पावती.

ती पावती देणारी मंडळे आधी खाजगी होती. मिशन रुग्णालयांनी एकत्र येऊन परीक्षा मंडळे काढली, मुंबई इलाख्यात नर्सिंग असोसिएशनने ते काम हाती घेतले. कायदा मद्रासमध्ये १९२६ साली झाला, मुंबईत १९३५ साली. भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात देशात साधारण ४३,००० माणसांमागे एक नर्स असा हिशोब आहे. या आकड्यापुढे परीक्षा कडक असावी की सैल हा वाद चैनीचा वाटला असता; तरी पुढच्याच वर्षी इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला आणि देशभर अभ्यासक्रमाला एक माप आले. महाराष्ट्राचा आजचा कायदा १९६६ चा. मात्र एका बाबतीत आपण फेनविकबाईंच्या वाटेवर अर्ध्यातच थांबलो. आपल्याकडे अभ्यासक्रमाच्या शेवटची परीक्षा उत्तीर्ण झाली की राज्य परिषदेत नोंदणी होते. परवान्यासाठी वेगळी, शाळेशी संबंध नसलेली परीक्षा नाही. ती आपल्या नर्सला प्रथम भेटते ती देश सोडताना, आखातासाठी किंवा अमेरिकेसाठी, मुंबईच्या एखाद्या केंद्रात संगणकापुढे.

अशी परीक्षा नसल्याच्या या तक्रारीला एक उत्तर मुंबईच्या केईएम रुग्णालयाकडे बोट दाखवून देता येते. तिथल्या नर्सेसनी अंथरुणाला खिळलेल्या आपल्या एका सहकारी नर्सची बेचाळीस वर्षे शुश्रूषा केली, आणि २०११ पर्यंतच्या वर्षांत तिच्या अंगावर व्रण पडू दिला नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षीच्या निकालात घेतली. त्यासाठी कोणती संगणकीय परीक्षा त्यांनी दिली होती? कोणतीच नाही. नाइटिंगेलबाईंच्या बाजूने याहून मोठा पुरावा सापडणार नाही. पण त्या वॉर्डात पिढ्यांमागून पिढ्या नर्सेस आल्या आणि निवृत्त झाल्या. येणाऱ्या प्रत्येकीला न वळवलेल्या पाठीचे काय होते हे आधीच माहीत होते, कारण कुठल्यातरी शाळेत, कुठल्यातरी परक्या परीक्षकासमोर तिने ते करून दाखवलेले होते. निष्ठा त्या वॉर्डाची होती. हातांना असलेली सवय मात्र पूर्ण व्यवसायाची होती, आणि ती सारखी राहावी याची तजवीज कौन्सिलांनी आणि परीक्षा मंडळांनी केलेली होती.

आपल्या प्रात्यक्षिक परीक्षेची पद्धत या जुन्या भांडणातली एक अजब तडजोड आहे, आणि ती देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या बहुधा ध्यानातही येत नाही. खाटेवर खरा रुग्ण असतो. त्याला न उठवता चादर बदलायची असते. मुलगी त्याला आपल्याकडे वळवते, जुनी चादर पाठीमागे गुंडाळते, नवी पसरते, पाठ पाहते, सुरकुत्या काढते. खाटेच्या एका बाजूला अंतर्गत परीक्षक, तिच्याच शाळेतल्या, तीन वर्षे तिला ओळखणाऱ्या मॅडम. दुसऱ्या बाजूला बाह्य परीक्षक, दुसऱ्या गावाहून सकाळच्या गाडीने आलेल्या, हातात फक्त बैठक क्रमांकांची यादी घेऊन. दोघींनी एकाच वेळी पाहायचे आणि गुण मिळून द्यायचे, असा नियम आहे.